कॉर्न स्नेकचे पिलू पिंकी खात नसेल तर

कॉर्न स्नेकचे पिलू घरी आणून दोन-तीन आठवडे झाले, तरी त्याने अजून पिंकीला, म्हणजे उंदराच्या नुकत्याच जन्मलेल्या बिनकेसांच्या पिलाला, तोंड लावलेले नाही, अशी ज्यांची अडचण आहे त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. पेटी, हीट मॅट, थर्मोस्टॅट, लपायला दोन जागा आणि पाण्याची वाटी ही तयारी झालेली आहे असे गृहीत धरतो. मी लेस्टरला राहतो आणि इंग्लंडमध्ये हा साप पाळायला परवाना लागत नाही. महाराष्ट्रातील वाचकांनी मात्र हे वाचून बागेत सापडलेले तस्कराचे किंवा कवड्याचे पिलू बरणीत भरू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप घरी पाळता येत नाहीत.

आधी तापमान पाहावे. पेटीची उबदार बाजू २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि थंड बाजू २२ ते २४ अंश असावी, आणि हे आकडे थर्मोस्टॅटवर विसंबून न राहता जमिनीलगत ठेवलेल्या वेगळ्या तापमापीवर वाचावेत. थंड पडलेला साप खात नाही, आणि खाल्लेच तर पचवू शकत नाही.

अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी पिलू पहिली कात टाकते. त्याआधी त्याला खायला देऊ नये. पुढेही डोळे दुधाळ निळसर दिसू लागले की कात पडेपर्यंत थांबावे.

गोठवलेली पिंकी आदल्या रात्री फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात ठेवावी आणि देण्यापूर्वी झिपच्या पिशवीतून कोमट पाण्यात सोडून कोरडी करावी. मायक्रोवेव्ह वापरू नये. हे सगळे घरच्या स्वयंपाकाच्या भांड्यांत करू नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

इथवर चुकण्यासारखे फारसे काही नाही. खरी अडचण पुढे आहे, आणि तिथेच बहुतेक सल्ले पिलाच्या मुळावर येतात. ‘रोज दाखवत राहा, कधीतरी घेईल’ हा त्यांतला सर्वांत वाईट सल्ला आहे. माझ्या दुसऱ्या कॉर्न स्नेकच्या बाबतीत मी तो इमानेइतबारे पाळला. सात ग्रॅमचे, बुटाच्या नाडीएवढे ते पिलू, आणि मी रोज संध्याकाळी चिमट्यात पिंकी धरून त्याच्या नाकासमोर नाचवत होतो. ते मानेची नागमोडी घडी घालून, शेपटीचे टोक कागदावर थरथरवत पिंकीवर झेपावायचे आणि लगेच मागे सरकायचे. ही झेप भुकेची आहे असे मी समजत होतो. ती भीतीची होती. भुकेला साप जीभ सावकाश आत-बाहेर करत पुढे येतो, धरतो आणि सोडत नाही. घाबरलेला झडप घालतो आणि लगेच सोडतो. हा फरक ओळखायला मला पाच आठवडे लागले, आणि तेवढ्यात पिलाचे वजन एका ग्रॅमने उतरले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की पाच ते सात दिवसांतून एकदाच खायला द्यायचे आणि मधल्या दिवसांत पेटीला हातसुद्धा लावायचा नाही.

दुसरी गोष्ट मुळातून समजून घ्यावी. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप आहे. तिथे मोठे साप उंदीर खातात, पण पिलांचा भर छोट्या सरड्यांवर आणि झाडबेडकांवर असतो. आपण ज्याला हट्टीपणा म्हणतो तो पुष्कळदा एवढाच असतो की समोरच्या गुलाबी गोळ्याला अन्नाचा वास येत नाही. म्हणून वास बदलावा. ट्यूनाच्या डब्यातले पाणी चोळण्याचा उपाय मी केला. त्याने खोलीला वास आला, पिलाला काही फरक पडला नाही. उपयोग झाला तो सरड्याचा. माझ्या एका मित्राकडे हिरवे अ‍ॅनोल होते, म्हणजे या सापाच्या मूळ मुलखातलेच सरडे. त्यांच्या अंगावरून हलकेच फिरवलेला ओला टिशू मी झिपच्या पिशवीत घालून बसने घरी आणला. पिंकी बिनवासाच्या साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून घेतली आणि तिच्या डोक्यावर तो टिशू चोळला. बाहेरचा सरडा पकडून आणू नये. त्याच्या अंगावर परजीवी असतात आणि इंग्लंडमधले सरडे कायद्याने संरक्षितही आहेत.

जागाही बदलावी. हवेसाठी भोके पाडलेल्या, तळहाताएवढ्या झाकणाच्या डब्यात कागदी रुमालाचा तुकडा, पिलू आणि पिंकी ठेवून तो डबा सापाच्याच पेटीत उबदार बाजूला ठेवावा, वर फडके टाकावे, दिवा बंद करावा आणि झोपायला जावे. उठून डोकावू नये. सकाळी उघडल्यावर रुमालावर फक्त एक ओलसर डाग होता आणि पिलाच्या अंगाच्या मध्यावर वाटाण्याच्या शेंगेसारखा फुगवटा होता.

आनंदाच्या भरात मी ते लगेच उचलून वजनकाट्यावर ठेवले आणि दुपारपर्यंत त्याने सगळे ओकून टाकले. खाल्ल्यावर किमान ४८ तास सापाला हात लावू नये, हे मला तेव्हाही माहीत होते. ओकल्यावर दहा-बारा दिवस काही देऊ नये आणि नंतर आधीपेक्षा लहान पिंकी द्यावी.

वासानेही काम झाले नाही, तर मेलेल्या पिंकीच्या कवटीला सुईने छिद्र पाडून आतला द्रव तिच्याच नाकाला लावावा. हे किळसवाणे आहे, पण पुष्कळदा लागू पडते. जिवंत पिंकी देण्याच्या मी विरोधात आहे. तिची सवय लागली की गोठवलेल्यावर आणणे हे नवे दुखणे होऊन बसते. तोंड उघडून कोंबणे तर स्वतःच्या मनाने करूच नये. एवढ्याशा जबड्याला इजा व्हायला वेळ लागत नाही. वजन आठवड्यातून एकदा, खायला देण्याआधी, लिहून ठेवावे, आणि ते दहाव्या हिश्श्याहून जास्त उतरले किंवा पाठीचा कणा धारेसारखा वर दिसू लागला, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे.

एकदा खाल्ले की पुढच्या दोन वेळा सरड्याचा वास तसाच ठेवावा, मग तो फक्त नाकापुरता लावावा आणि त्यानंतर एखाद्या वेळी विसरावा. माझ्या पिलाने पाचव्या वेळी साधी पिंकी घेतली, तीही दिवसाउजेडी, चिमट्यातून.