मुंबईत कॉलेजच्या मुलांना भाड्याने द्यायला पहिला फ्लॅट घेताय? आधी सोसायटी बघा, मग फ्लॅट

आम्ही दोघी बहिणींनी २०२२ मध्ये विद्याविहार ईस्टला, सोमय्याच्या कॅम्पसपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीत वन बीएचके घेतला. घेतानाच ठरलेलं की कॉलेजच्या मुलींना भाड्याने द्यायचा. फ्लॅट नीट बघितला, पेपर वकिलाकडून तपासून घेतले, लोन झालं, सगळं झालं, आणि जुलैमध्ये सांगली-नाशिकच्या तीन मुली डिपॉझिट घेऊन दारात उभ्या असताना सेक्रेटरी म्हणाले बॅचलर चालत नाहीत, जनरल बॉडीत ठराव झालाय. त्या मुली दुसरीकडे गेल्या. जुलै, ऑगस्ट आणि अर्धा सप्टेंबर फ्लॅट रिकामा आणि हप्ता मात्र चालू. म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, टोकन द्यायच्या आधी सोसायटीत जाऊन या.

जायचं म्हणजे एजंटबरोबर नाही, एकटं जा. वॉचमनला विचारा, इथे स्टुडंट राहतात का, कुठल्या मजल्यावर. आधीच दोन-तीन फ्लॅटमध्ये मुलंमुली राहत असतील तर निम्मं काम झालं. मग सेक्रेटरींना भेटा आणि सरळ सांगा, मी स्टुडंटना देणार आहे. मॉडेल बायलॉजप्रमाणे, म्हणजे हाउसिंग सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि अ‍ॅग्रीमेंटची कॉपी द्यायची, एवढंच. आणि नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे जादा घेते ते, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, हा नियम २००१ पासून आहे. पण नियम आपल्या बाजूने असला तरी ज्या बिल्डिंगमध्ये रोज कुणीतरी मुलींना लिफ्टमध्ये अडवून प्रश्न विचारणार तिथे मुली टिकत नाहीत. आमचं शेवटी सुटलं ते असं, आम्ही बायलॉजची झेरॉक्स घेऊन गेलो आणि सोबत, आमच्याकडे राहायला येणाऱ्या एका मुलीच्या आईवडिलांना कमिटीसमोर बसवलं. आईवडील दिसले की समोरच्यांचा सूर बदलतो, हे मी स्वतः बघितलंय.

आता एरिया. मुलं भाडं देतात ते चालत कॉलेजला जाता येतं म्हणून. ट्रेन धरायचीच असेल तर ती आणखी लांब, स्वस्तात जाऊन राहतील. त्यामुळे कॉलेज एकच नको, आजूबाजूला दोन-चार हवीत. पार्ल्यात मिठीबाई, एनएमआयएमएस, संघवी, साठ्ये सगळी जवळजवळ आहेत. माटुंग्यात व्हीजेटीआय, आयसीटी, रुईया, पोदार. देवनारला टिस आणि आयआयपीएस. पवईला मात्र नुसतं आयआयटीच्या भरवशावर घेऊ नका, तिथले बहुतेक विद्यार्थी कॅम्पसवरच्या हॉस्टेलमध्ये राहतात.

पैशाचं गणित मी स्पष्ट सांगते कारण इथेच लोक फसतात. समजा फ्लॅट १ कोटी १० लाखांचा. ७५ लाखांच्या वरच्या होम लोनला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे किमान साडेसत्तावीस लाख तुमच्या खिशातले. वर मुंबईत स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, म्हणजे ६ लाख ६० हजार, आणि रजिस्ट्रेशन ३० हजार, हे लोनमध्ये बसत नाहीत. फक्त बाईच्या नावावर घेतला तर ड्युटीत १ टक्का सूट मिळते, आम्हाला दोघींना मिळाली, पण भावाचं किंवा नवऱ्याचं नाव घातलं की गेली. ५० लाख किंवा त्याच्या वरचा व्यवहार असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या नावचा इन्कम टॅक्स, कापून तुम्हालाच भरायचाय, हे एजंट शेवटच्या दिवशी सांगतात.

आता भाडं. तीन मुली, प्रत्येकी १२ हजार, महिन्याला ३६ हजार. ८० लाखांचं लोन, साडेआठ टक्के, वीस वर्षं, हप्ता येतो साधारण ६९,४००. म्हणजे दर महिन्याला तेहतीस हजार पगारातून घालायचे. भाड्यातून हप्ता सुटेल असं कुणी सांगितलं तर कॅल्क्युलेटर काढा आणि त्याच्यासमोरच गणित करा. लोन ४० लाखांचं असेल तर हप्ता ३४,७००, मग जमतं, पण तेवढे पैसे आधी हातात हवेत. आणि भाडं बारा महिन्यांचं धरू नका, अकरा धरा, मे महिन्यात मुली गावी जातात. अकरा महिन्यांचे ३ लाख ९६ हजार, त्यातून मेंटेनन्स, रंग, प्लंबर वगैरे सत्तर-बहात्तर हजार गेले की एकूण गुंतवणुकीवर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास हातात उरतं. मग का घ्यायचा? जागा आपली होते म्हणून आणि पुढे आपल्याच मुलांच्या कामी येईल म्हणून. आम्ही तरी तेवढ्यासाठी घेतला. नुसतं भाड्याचं उत्पन्न हवं असेल तर मुंबईत फ्लॅट घेऊ नका, एफडी बरी, हे मी मनापासून सांगते.

टॅक्सचं थोडक्यात. भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, लोनचं व्याजही वजा होतं, पण न्यू रिजीममध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत, व्याज भाड्यापेक्षा जास्त झालं तर तो तोटा पगारातून वजा करता येत नाही. सीएला विचारूनच रिजीम निवडा.

पेपर बघताना ओसी, म्हणजे बिल्डिंग राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला, आहे का, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे, पहिल्या मालकापासूनच्या अ‍ॅग्रीमेंटची साखळी पूर्ण आहे का, सोसायटीची थकबाकी आहे का. पागडीची जागा, म्हणजे जिथे पूर्ण मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्कच विकत घेतो ती, स्वस्त दिसते, पहिल्या खरेदीला तिच्या वाटेला जाऊ नका. आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय का हे कमिटीला विचारा, कारण दोन वर्षांत बिल्डिंग पाडायची असेल तर स्टुडंटना देण्याचा हिशेबच बदलतो.

फ्लॅट बघायला सकाळी सातला जा. संध्याकाळी सगळेच फ्लॅट छान दिसतात. सातला पाणी येतंय का, किती वेळ येतं, प्रेशर कसं आहे ते कळतं. आमच्याकडे पाणी साडेपाच ते साडेसात, तिघींचं लेक्चर आठला, आणि बाथरूम एक. पहिल्या महिन्यात रोज भांडणं. मग आम्ही माळ्यावर पाचशे लिटरची टाकी बसवली आणि संडास-बाथरूम वेगळे करून घेतले, तेव्हा कुठे घर शांत झालं. माळा तेवढं वजन पेलतो का ते आधी जाणकाराला दाखवा. सोफा, शोकेस यावर पैसे घालवू नका. प्रत्येकीला कुलूप लागणारं कपाट, टेबल, पंख्याखाली पलंग आणि पलंगाजवळ दोन प्लग. लाइट बिल त्यांच्याकडेच ठेवा, युनिट वाढले की दरही चढतो, एसी लावला की त्यांना स्वतःलाच कळतं.

अ‍ॅग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्सच, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी फक्त राहायची परवानगी देणारं, करा आणि रजिस्टर करा. रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, ५,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. खर्च फार नाही, एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं वर्षाचं १० टक्के धरलेलं व्याज, त्याच्या पाव टक्का ड्युटी. ३६ हजार भाडं, १ लाख डिपॉझिट, अकरा महिने, म्हणजे ड्युटी हजाराच्या आसपास आणि रजिस्ट्रेशन १,०००. घरबसल्या ऑनलाइन होतं. एकीच्याच नावावर करू नका, तिघींची नावं घाला, नाहीतर एक सोडून गेली की बाकीच्या दोघी म्हणतात आमचं काय. अकरावीची मुलगी असेल तर ती अठराची नसते, करार आईवडिलांशी करायचा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन द्या आणि ती पोच सोसायटीला द्या.

तारीख जपा. जाहिरात जूनमध्येच टाका, कारण इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेरीत, कॉलेज लागलं की पालक दोन दिवसांसाठी मुंबईत येतात आणि त्या दोन दिवसांतच घर ठरवून जातात. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असलेल्या मुलींना विचारा पुढच्या वर्षी राहणार का. जाणार असतील तर मे अखेरीस चावी घेताना त्यांच्यासमोरच घर बघा, आल्या दिवशीचे फोटो फोनवर उघडून ठेवा, आणि डिपॉझिट त्याच दिवशी ट्रान्सफर करा. आमच्या दुसऱ्या बॅचमधली जळगावची मुलगी पैसे आल्याचा मेसेज बघून रिक्षात बसली, आणि जूनमध्ये तिच्याच मामेबहिणीचा फोन आला, खोली आहे का.