कोकणातल्या घरात 10 मीटर एअर पिस्तूल: सुरुवात कशी करावी

सगळ्यात आधी टेप घ्या आणि घर मोजा. निशाणाच्या कागदापासून पायाच्या रेघेपर्यंत पूर्ण 10 मीटर हवेत. रेघेमागे दीड मीटर आणि कागदामागे छर्रे अडवणाऱ्या पेटीसाठी अर्धा मीटर धरा, म्हणजे 12 मीटर झाले. जुन्या चिरेबंदी घरात एवढी लांबी बहुधा दोन ठिकाणी सापडते: ओटीपासून माजघरातून मागच्या दारापर्यंत जाणारी दारांची सरळ ओळ, नाहीतर घराच्या कडेने गेलेली लांब पडवी. दारांची ओळ सोयीची वाटते, पण ती घरातल्या सगळ्यांच्या येण्याजाण्याची वाट असते. कोण कधी मधल्या खोलीतून तांब्या घेऊन बाहेर येईल, सांगता येत नाही. म्हणून पडवीच घ्या, आणि पेटी तिच्या बंद टोकाला ठेवा. आत येणारा माणूस नेहमी तुमच्या पाठीमागूनच आला पाहिजे.

पडवीत रेघेपासून कागदापर्यंत 7 मीटरच मिळत असतील तरी चालेल, फक्त निशाण त्याच प्रमाणात लहान करा. 10 मीटरच्या कागदावर काळा गोल 59.5 मिमीचा आणि दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं. 7 मीटरला काळा गोल 41.6 मिमी आणि दहा 8 मिमी येतो. निशाणाचा मध्य जमिनीपासून 1.40 मीटरवर ठेवा. पडवीची जमीन पाणी जायला उतार देऊन केलेली असते, तेव्हा ही उंची पेटीखालच्या जमिनीपासून मोजू नका. तुमचे पाय जिथे असतील त्या पातळीपासून मोजा.

पेटीत काटकसर करू नका. जांभ्याच्या भिंतीवर सरळ छर्रे मारू नयेत. चिरा ठिसूळ असतो, कपचे उडतात, आणि कठीण गाठीवर आपटलेला छर्रा परत येतो. 12 मिमी प्लायची, समोरून 30 सेंमी उंच, 30 सेंमी रुंद आणि साधारण 35 सेंमी खोल पेटी करून घ्या. आत 3 मिमी जाडीचा लोखंडी पत्रा 45 अंशात बसवा: वरची कड नेमबाजाकडे, खालची कड मागे. 30 सेंमी उंची झाकायला पत्रा 42 सेंमी लांब लागतो. छर्रा पत्र्यावर आपटून खाली वळतो आणि तळाच्या वाळूच्या ट्रेमध्ये पडतो. पत्रा सरळ उभा बसवला तर तोच छर्रा तुमच्या दिशेने येतो. बहुतेक सुताराला हे कागदावर काढून दाखवावं लागतं, कारण उलटा कोन दिसायला अगदी तसाच दिसतो. पेटीमागे चार फुटांचा जाड प्लाय आणि त्यावर जुनी रबरी चटई लावा. पहिल्या महिन्यात काही छर्रे पेटी चुकवणारच. गोळीबार चालू असताना पडवीत असलेल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, नुसत्या बघणाऱ्याच्याही.

पिस्तूल 4.5 मिमीचं घ्या. भारतात शस्त्र नियम, 2016 नुसार 20 ज्यूलच्या आतल्या 4.5 मिमी एअर पिस्तुलाला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेचं पिस्तूल 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 140 मीटरने फेकत असेल, तर ती ऊर्जा जेमतेम 5 ज्यूल होते. पावती मात्र पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा, प्रवासात विचारणा होते. बाजारात स्प्रिंगचं, एका दाबात हवा भरणारं आणि 200 बार दाबाच्या हवेच्या नळकांड्याचं असे प्रकार मिळतात. शिकायला एका दाबाचं सगळ्यात बरं. त्यात धक्का जवळजवळ नसतो, पंप लागत नाही, आणि प्रत्येक वेळी तेवढाच दाब भरला जातो. स्प्रिंगचं स्वस्त पडतं, पण छर्रा नळीत असतानाच ते उसळतं, त्यामुळे चूक तुमची की पिस्तुलाची हे नवशिक्याला कळत नाही. स्पर्धेचे नियम आताच ठाऊक असू द्या: वजन 1500 ग्रॅमच्या आत, ट्रिगर दाबायला लागणारा जोर किमान 500 ग्रॅमचा, आणि धरायचं एकाच हाताने.

काडतुसं घरी भरण्याच्या चित्रफिती बघून काहींना तेच करावंसं वाटतं. आपल्याकडे बंदुकीचा परवाना म्हणजे काडतूस बनवायचा परवाना नव्हे, आणि बंदुकीची दारू, तिला ठिणगी देणाऱ्या कॅप घरात साठवणं हा उन्हातान्हाच्या, कौलारू छपराखालच्या घरात जिवाशी खेळ आहे. दारूगोळा निवडण्यातली बारकाई ज्यांना आवडते त्यांच्यासाठी छर्र्यांत पुष्कळ काम आहे.

सपाट तोंडाचेच छर्रे घ्या, ते कागदाला स्वच्छ गोल भोक पाडतात. टोकदार छर्रा कागद फाडतो, मग नऊ की दहा यावरून वाद होतात. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असतो: 4.49, 4.50, 4.51. एकाच वजनाचे दोन-तीन व्यास आणा, पिस्तूल टेबलावर उशीवर टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे स्वतंत्र कागदावर मारा, आणि सगळ्यात घट्ट जुडगा देणारा व्यास ठेवा. मग एक साधी चाळणी: छर्रा काचेच्या तुकड्यावर लोळवा. चांगला छर्रा एका वळणात शांतपणे फिरतो. मागची कड दबलेला छर्रा लंगडत जातो, तो सरावाला वेगळा काढा. कड दबते ती बहुधा डबा पडल्यामुळे, म्हणून डबा हलवून आवाज काढायची सवय मुलांना लागू देऊ नका.

यापुढचं मुंबई-पुण्याचे मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत. जून ते सप्टेंबर इथली हवा ओली असते, आणि समुद्राजवळ तिच्यात मीठही असतं. छर्र्याचं शिसं लोखंडासारखं गंजत नाही, पण त्यावर पांढरी भुकटी धरते. लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफेने ती लवकर येते, त्यामुळे सागवानी किंवा प्लायच्या खणात छर्रे ठेवणं ही सगळ्यात वाईट जागा. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले की पुडी ओली समजा. भुकटी धरलेला छर्रा पुसून वापरू नका, ती भुकटी विषारी आहे.

पिस्तुलाचा स्टीलचा भाग सराव संपल्यावर पुसून, कापडाला लावलेल्या तेलाचा हलका हात फिरवा. हाताचा घाम रात्रभर राहिला तर सकाळी बोटाचा ठसा तांबूस दिसतो. नळीत फेल्टच्या दोन गोळ्या मारा, पहिलीवर तेलाचा एक थेंब, दुसरी कोरडी. स्प्रिंगच्या पिस्तुलाच्या हवेच्या कोठीत साधं तेल कधीच घालू नका. दाबाच्या उष्णतेने ते पेटतं, मोठा आवाज होतो, वेग वाढतो आणि सील जळतं. पिस्तूल फोमच्या बंद पेटीत पावसाळाभर पडून राहू देऊ नका, फोम ओल धरून ठेवतो.

200 बारचं पिस्तूल असेल तर हातपंपाला ओल शोषणारा फिल्टर हवाच, नाहीतर पावसाळ्यात नळकांड्यात पाणी साचतं. मालवण-तारकर्ली भागात स्कूबा डायव्हिंग चालतं. तिथल्या टाक्यांत याच दाबाची गाळलेली कोरडी हवा असते, आणि योग्य अडॅप्टरने तीच भरता येते. ऑक्सिजन मात्र कधीही भरू नका, वेल्डिंगचा नाही आणि दवाखान्याचाही नाही: तेलाच्या अंशासोबत उच्च दाबाचा ऑक्सिजन स्फोट करतो. नळकांड्यावरची मुदतीची तारीखही पाहून घ्या.

आता नेम. पहिले दोन आठवडे छर्रा नकोच. कोऱ्या भिंतीकडे रिकाम्या पिस्तुलाने रोज चाळीसदा ट्रिगर दाबा. बहुतेक पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोय असते, ती नसेल तर पुस्तिकेत बघून घ्या. डोळा फोरसाइटवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या साइटवर ठेवा, ती धारदार दिसली पाहिजे, भिंत पुसट. का, ते आकड्यांत बघा. बॅकसाइट (डोळ्याकडची, खाच असलेली) आणि फोरसाइट यांत 33 सेंमी अंतर असलं आणि फोरसाइट खाचेत फक्त 1 मिमी सरकली, तर 10 मीटरवर छर्रा 30 मिमी बाजूला जातो. दहाचा सात होतो. आणि दोन्ही साइट नीट जुळलेल्या असताना सगळा हातच 3 मिमी हलला, तर छर्रा 3 मिमीच हलतो आणि दहाचा दहाच राहतो. म्हणून हात डुलतो याची काळजी सोडा. काळ्या गोलाखाली पांढरी पट्टी ठेवून तिथेच डुलू द्या. साइट जुळलेल्या राहोत, आणि ट्रिगर सरळ मागे, हळूहळू, न थांबता येऊ दे. पाचव्या ते आठव्या सेकंदात सुटला नाही तर हात खाली घ्या. दहा सेकंदांनंतर डोळा थकतो आणि तो थकल्याचं कळत नाही.

छर्रे आल्यावर कागद वाचायला शिका. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे खाली पडत असतील तर बोट ट्रिगर हिसकतं आहे. वर-खाली लांबट जुडगा म्हणजे श्वास किंवा मनगट. जुडगा घट्ट पण एका बाजूला असेल तरच साइटचा स्क्रू फिरवा. विखुरलेल्या छर्र्यांमागे स्क्रू फिरवत बसणं हा नवशिक्यांचा सगळ्यात मोठा वेळखाऊ घोळ आहे. रोज तीस-चाळीस छर्रे पुष्कळ झाले. स्पर्धेत 75 मिनिटांत 60 असतात, तिथे पोचायला घाई नको.

पिस्तूल भरलेलं असो वा नसो, तोंड कायम पेटीकडे (कोऱ्या भिंतीच्या सरावात त्या भिंतीकडे), आणि बोट साइट जुळेपर्यंत ट्रिगरच्या बाहेर. वाडीत नासधूस करणाऱ्या वानरावर किंवा मोरावर ते रोखू नका. वन्यजीव (संरक्षण) कायदा, 1972 खाली तो गुन्हा आहे, आणि एवढ्या ऊर्जेने जनावर मरत नाही, जखम चिघळून दिवसेंदिवस तळमळतं.

सराव संपला की साबणाने हात धुऊनच चहाला बसा. पडवी कोरडी झाडू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं वेगळं ठेवा. दर हजार छर्र्यांनी ट्रे रिकामा करा, हातमोजे घालून. ती वाळू आणि शिसं माडाच्या आळ्यात, कलमांच्या मुळाशी किंवा विहिरीच्या कडेला टाकू नका. शिसं चाळून बंद डब्यात साठवा आणि भंगारवाल्याला शिसं आहे असं सांगून द्या. वाळू पुन्हा त्याच ट्रेमध्ये घाला.