आधी चित्राची पाठ बघा

ऑनलाइन लिलावात पहिल्यांदा घेतलेलं मुद्राचित्र मी अजून जपून ठेवलंय. खाली पेन्सिलीची सही, शेजारी 34/150 असा आकडा (150 प्रतींतली 34वी), आणि वर्णनात 'मूळ लिथोग्राफ', म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून घेतलेला ठसा. घरी आल्यावर दहापट भिंग लावलं, तर सगळा रंग म्हणजे रांगेत बसलेले बारीक ठिपके. साधी ऑफसेट छपाई होती ती. लिथोग्राफमध्ये रंगाचा पोत अनियमित, खडूच्या रेघेसारखा दिसतो. असे शिस्तीतले ठिपके म्हणजे एखाद्या चित्राचा फोटो छापलाय असं धरा. स्क्रीनवर हे कळणं अवघड असतं, म्हणून विचारायचं आधी, बोली लावायची नंतर.

लॉट, म्हणजे लिलावात एका क्रमांकाखाली ठेवलेली वस्तू, आवडला की मी विक्रेत्याला चार फोटो मागते: सहीचा अगदी जवळून, तिरक्या उजेडात पृष्ठभागाचा, कागद असेल तर त्याच्या कडांचा, आणि पाठीचा. फोटो देता येत नाहीत म्हणाले, तर तो लॉट मी सोडते, मग चित्र कितीही मनात भरलेलं असो.

पाठीवर बरंच काही वाचता येतं. जुन्या गॅलऱ्यांची लेबलं, आधीच्या लिलावांचे खडूने लिहिलेले क्रमांक, कॅनव्हास विकणाऱ्या दुकानाचा शिक्का. कॅनव्हास लाकडी चौकटीला खिळ्यांनी ठोकलाय की स्टेपलने? चित्र 1900च्या सुमाराचं म्हणून विकतायत आणि पाठीला स्टेपल दिसतायत, तर ते नंतर पुन्हा ताणलं गेलं असेल. तसं होतं, पण का आणि केव्हा, हे विचाराच. मात्र लेबल म्हणजे पुरावा नव्हे. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी आपल्या नकली चित्रांमागे आल्फ्रेड फ्लेख्टहाइम या नामांकित कलाव्यापाऱ्याच्या संग्रहाची बनावट लेबलं चिकटवायचा. 1914चं म्हणून विकलेल्या त्याच्या एका चित्रात टायटॅनियम पांढरा रंग सापडला. तो रंग तेव्हा चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता. 2011मध्ये त्याला शिक्षा झाली. म्हणून लेबलावरचं नाव, बिलं, प्रदर्शनाचा कॅटलॉग आणि मालकीची साखळी एकमेकांशी जुळतायत का, ते मी ताडून बघते.

कॅटलॉगची भाषा शब्द न् शब्द वाचा. चित्रकाराचं पूर्ण नाव नुसतं लिहिलंय, तर लिलावगृहाच्या मते काम त्याचंच आहे. 'अट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं. 'आफ्टर' म्हणजे त्याच्या एखाद्या चित्राची नक्कल. नवखे सर्वांत जास्त फसतात ते सहीपाशी: 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांत मोठा फरक आहे. दुसऱ्याचा अर्थ, चित्रावर सही दिसते, पण ती त्या चित्रकाराच्या हातची आहे असं लिलावगृह म्हणत नाही. 'ए.एफ.' दिसलं तर वस्तू जशी आहे तशी, दोषांसकट घ्यायची. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेचा अहवाल, मागितला की बहुतेक लिलावगृहं पाठवतात. त्यात कागदावरचे तपकिरी डाग, फाट, नवं अस्तर, वरून केलेलं रंगकाम यांचे उल्लेख शोधा.

आता पैसे. हातोडा पडतो तो आकडा तुम्ही भरत नाही. समजा बोली 100वर थांबली. त्यावर लिलावगृहाचा बायर्स प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून घेतलं जाणारं शुल्क, अनेक ठिकाणी 20 ते 30 टक्के. लागू असेल तो कर वेगळा. परदेशातून येणार असेल तर आयात शुल्क, शिवाय पॅकिंग, वाहतूक आणि विमा. लहान चित्राला कधीकधी वाहतूकच चित्राहून महाग पडते. म्हणून मी उलटा हिशेब करते: घरात येईपर्यंत एकूण किती देणार ते ठरवते, त्यातून सगळे खर्च वजा करते आणि उरलेला आकडा कमाल बोली म्हणून आदल्या दिवशीच भरून ठेवते. यंत्रणा लागेल तेवढीच वाढवत जाते, एकदम तो आकडा लावत नाही. अनेक लिलावांत शेवटच्या क्षणी कुणी बोली लावली की वेळ आपोआप वाढतो. त्या वाढीव मिनिटांत हात शिवशिवतात, हे मला चांगलं माहीत आहे. तेव्हा मी स्क्रीनसमोर बसतच नाही.

चित्राला काच असेल तर पाठवण्याआधी काढायला सांगा, निदान तिच्यावर चिकटपट्ट्या मारायला तरी. फुटलेली काच कागद कापते. खोकं उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी सगळं तपासा, कारण तक्रारीची मुदत बहुधा थोडी असते.

आणि टांगण्याआधी फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर एक पाकीट लावा. त्यात बिल, लॉट क्रमांक, तारीख, कंडिशन रिपोर्ट आणि विक्रेत्याची उत्तरं छापून ठेवा. डिंक पुठ्ठ्यालाच लावायचा, चित्राच्या कागदाला किंवा कॅनव्हासला कधीच नाही.