मंद प्रवाहाच्या सिम्युलेशनमध्ये दाब खडबडीत येतोय? आधी संदर्भ दाब वजा करा

हवेचा वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर प्रवाहामुळे दाबात पडणारा फरक जेमतेम 0.6 पास्कलचा असतो. वातावरणाचा दाब मात्र 1,01,325 पास्कल. सिंगल प्रिसिजनमध्ये (संख्या 32 बिटांत साठवण्याची पद्धत) एवढ्या मोठ्या आकड्याजवळ दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतरच सुमारे 0.008 पास्कल असतं. वेग सेकंदाला 0.1 मीटरवर आला की आपल्याला मोजायचा असलेला फरक (0.006 पास्कल) त्या अंतरापेक्षाही लहान होतो. म्हणजे उत्तर साठवायलाच जागा उरत नाही! मग लोक जाळी (गणितासाठी जागेचे केलेले छोटे तुकडे) बारीक करत बसतात आणि त्यात दिवस जातात.

असं करा:

1. संपूर्ण दाबाऐवजी संदर्भ दाबापासूनचा (इथे वातावरणाच्या दाबापासूनचा) फरक हेच चल ठेवा. तयार सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ दाबाची वेगळी नोंद असते, तिथे 1,01,325 भरा.
2. सीमेवरचे दाबही फरकाच्याच रूपात द्या. बाहेर पडण्याच्या तोंडाशी बहुतेक वेळा शून्य. ही पायरी हमखास विसरली जाते, आणि मग दाब दोनदा मोजला जातो.
3. गुरुत्वाकर्षण चालू असेल तर स्थिर स्तंभाचा (हवेच्या वजनामुळे पडणारा) दाबही वजा करा. हवेत उंचीच्या दर मीटरला तो सुमारे 12 पास्कल असतो, म्हणजे प्रवाहाच्या दाबाच्या कितीतरी पट.

डबल प्रिसिजन (64 बिटांची, जास्त अचूक पद्धत) घेतली तरी ही सवय सोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

एक काळजी घ्या: घनता आदर्श वायूच्या समीकरणातून काढत असाल, तर तिथे संदर्भ दाब फरकात परत जोडायलाच हवा.