दापोली ते कुणकेश्वर: निघण्याआधी

सागरी मार्गाने खाली उतरत कोकणातली देवळं आणि किनारे करायचे म्हटलं की आपण पहिल्यांदा मॅप उघडतो आणि किलोमीटर मोजायला लागतो. ते नंतर करा. आधी पंचांग घ्या, निदान भिंतीवरचं कॅलेंडर तरी. या रस्त्यावरचा दिवस किलोमीटरवर चालत नाही. तो भरती-ओहोटीवर, फेरीबोटीवर आणि दुपारी बंद होणाऱ्या गाभाऱ्यांवर चालतो.

तर तारखा ठरवताना तिथी बघा. किनाऱ्यावरच्या माणसांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास पाणी पूर्ण चढलेलं आणि दीड-पावणेदोनला पूर्ण उतरलेलं. रात्री आठच्या सुमारास पुन्हा भरती. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, पण आखणीला एवढं पुरतं. हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीलाच पोचायला हवं. कातळाच्या अरुंद चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसेल आणि मुलं विचारतील, एवढ्यासाठी आलो का? पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा ती आणखी जोरात उसळते, आणि अर्थातच लांब उभं राहायचं. तिथले कातळ शेवाळाने निसरडे असतात. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती, तेव्हा फार अपेक्षा ठेवू नका.

पोहण्याचंही गणित इथेच लावून टाका. पाणी उतरत असताना आत जायचं नाही, हा नियम घरून निघतानाच सगळ्यांना सांगा. किनाऱ्यावर कुणी ऐकत नसतं. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो शांत, पण खोल आणि ओढ असलेला आहे. तिथे पाय भिजवा, देवळामागच्या डोंगराला प्रदक्षिणा घाला. डुंबायचं तर गुहागरला, तेही गावातल्या माणसाला विचारून.

चतुर्थ्याही त्याच कॅलेंडरवर बघून घ्या. अंगारकीला गणपतीपुळे मुक्कामात असेल तर बेत एक दिवस मागेपुढे करा. महाशिवरात्रीला कुणकेश्वरची जत्रा असते. जत्राच बघायची असेल तर जरूर जा, पण गाडी लांब लावून चालायची तयारी ठेवून.

आता रस्ता. पुण्याहून ताम्हिणीने माणगाव, मंडणगड करून दापोली गाठता येते. पहिला मुक्काम आंजर्ले किंवा मुरुड. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला सकाळी लवकर जा. वरून सुवर्णदुर्ग दिसतो. पुढे दाभोळ. दाभोळला बहुतेक लोक थेट जेट्टीवर जातात, तसं करू नका. गावातल्या चंडिकादेवीचं देऊळ कातळाच्या पोटात आहे, आत विजेचा दिवा नाही, फक्त तेलाच्या दिव्यांचा उजेड. आत शिरल्यावर डोळे सरावायला वेळ द्या आणि मोबाइलची बॅटरी लावू नका. मग फेरीबोटीने गाडीसकट धोपावे, तिथून गुहागर. व्याडेश्वर, वेळणेश्वर, हेदवी झालं की तवसाळहून दुसरी फेरीबोट, उतरायचं जयगडला. या दोन बोटी धरल्या तर खाड्यांचा मोठा वळसा वाचतो. पण शेवटची बोट कितीला सुटते ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. बोटीवर गाडी कधी रिव्हर्सने चढवावी लागते, त्यामुळे नवशिक्याच्या हातात चाक देऊ नका. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

देवळांबद्दल एक सांगून ठेवतो. कोकणात प्रत्येक देवळाच्या पाटीवर ‘प्राचीन’ लिहिलेलं असतं. स्थान जुनं असेलही, पण आज दिसणारी बरीचशी बांधकामं पेशवाईतली किंवा त्यानंतरची आहेत: कौलारू छप्पर, दीपमाळ, फरसबंदी अंगण. ती सुंदरच आहेत. पण खरोखरचं जुनं दगडी कोरीवकाम बघायचं असेल तर संगमेश्वरजवळच्या कसब्याचा कर्णेश्वर यादीत घाला, वाकडी वाट करून. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये पकडलं ते याच संगमेश्वरात. आणि राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा कनकादित्य चुकवू नका. सूर्याची देवळं आपल्याकडे मोजकीच. इथे शिलाहार भोज राजाचा शके १११३ चा, म्हणजे इसवी सन ११९१ चा ताम्रपट आहे. मूर्ती सौराष्ट्रातून गलबतावरून आली अशी गावची आख्यायिका. ती जिथे ठेवली म्हणतात ती देवघळी समुद्रालाच लागून आहे. रथसप्तमीला उत्सव असतो. जवळच आडिवऱ्याची महाकाली, ती त्याच फेरीत होते.

खेड्यातल्या देवळांचे गाभारे दुपारी बरेचदा बंद असतात, म्हणून देवळं सकाळी आणि चारनंतर. मधला वेळ प्रवासाला आणि जेवणाला. जेवणाचं मात्र सकाळीच फोनवर सांगायचं: ‘काकू, दुपारी पाच पानं, दोन शाकाहारी.’ घरगुती खानावळीत माणसं मोजून भात टाकतात. अवचित जाऊन उभे राहिलात तर मिसळीवर भागवावं लागेल. उकडीचे मोदक तर सांगितल्याशिवाय मिळणार नाहीत. मासे खाणाऱ्यांनी मुक्काम ठरवतानाच विचारावं, कारण बऱ्याच घरांत फक्त शाकाहारी स्वयंपाक होतो.

सामानात: प्रत्येकाला एक सुती पंचा, ओले कपडे भरायला जाड प्लास्टिकची पिशवी, पाय धुवायला पाच लिटरचा कॅन. मोज्यांचा एक जुना जोड ठेवा, भर दुपारी देवळाचं अंगण तापलेलं असतं. भिजलेल्या कपड्यांनी देवळात शिरायचं नाही, म्हणून कोरडा जोड डिकीत तळाशी नको, हाताशी हवा. रोख पैसे, त्यातही दहा-वीसच्या नोटा. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, खाडीकाठी रेंज जाते. आणि मॅपने वाडीतल्या पाखाडीकडे, म्हणजे दगडी पायवाटेकडे वळायला सांगितलं तर आधी कुणाला तरी विचारा. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पंप दिसेल तिथे भरा. स्टेपनीत हवा आहे का ते घरीच बघा.

गाडी वाळूत घालू नका. चाक रुततं, भरती वाट बघत नाही, आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागरच्या वाळूत कासवांची अंडी असतात.

परतीला कुणकेश्वरहून देवगडमार्गे फोंडाघाट चढा, राधानगरीकडून कोल्हापूर. घाट उजेडात पार व्हावा म्हणून दुपारी जेवून लगेच निघा. एप्रिल-मेमध्ये जात असाल तर डिकीत आंब्याच्या पेट्यांना जागा ठेवा. पेटी उन्हात तापणार नाही अशी लावा आणि वर बॅगा रचू नका. घरी पोचल्यावर गाडी खालून धुवून घ्या, खाऱ्या हवेने पत्रा गंजतो.