यवतेश्वरच्या घाटातील थंडी आणि सायकलस्वाराचे कपडे

डिसेंबर-जानेवारीत पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासकडे सायकलने जाणाऱ्याला थंडी दोनदा गाठते, एकदा घरातून निघताना आणि पुन्हा घाट उतरताना. यातली दुसरी अधिक बोचरी असल्यामुळे कपड्यांचा विचार तिच्यापासून सुरू करावा. चढावर वेग कमी आणि मेहनत पुरेपूर असल्याने दोन-चार वळणांतच घाम फुटतो. उतारावर मात्र पाय थांबलेले असतात आणि वारा थेट छातीवर येतो. हवेचे तापमान १० अंश असताना ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ६ अंशांइतका गार लागतो. त्यात अंगातले कपडे ओले असतील तर हुडहुडी भरलीच म्हणून समजावे.

म्हणून अंगालगतचा कपडा सर्वांत महत्त्वाचा. सुती बनियन घाम शोषते, पण लवकर वाळत नाही. त्याऐवजी अंगाबरोबर बसणारा पॉलिस्टरचा किंवा मेरिनो लोकरीचा पातळ टी-शर्ट घालावा. त्यावर पुढून पूर्ण चेन असलेले पातळ फ्लीस, म्हणजे मऊ कृत्रिम कापडाचे उबदार जाकीट, पुरते. जाड स्वेटर मला निरुपयोगी वाटतो, कारण चढावर तो सोसवत नाही आणि काढला तर ठेवायला जागा नसते. सर्वांत वर विंडचीटर. तो घेताना कापड ओठांना लावून फुंकर मारावी. पलीकडे हवा जाणवली तर तो उतारावर फारसा कामाचा नाही. प्लास्टिकचा रेनकोट वारा अडवतो खरा, पण घामही आतच कोंडतो.

निघताना थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. घाटाच्या पायथ्याशी विंडचीटर काढून पाठीच्या खिशात ठेवावा आणि घाम येण्याआधीच फ्लीसची चेन उघडावी. वर पोहोचताच, चहा मागवण्यापूर्वी, विंडचीटर पुन्हा चढवावा. शक्य असल्यास आतला टी-शर्टही बदलावा, त्यासाठी एक कोरडा जवळ असू द्यावा.

हातमोजे पूर्ण बोटांचे, पण ब्रेक नीट दाबता येईल इतके पातळ असावेत. कानटोपीने हेल्मेट नीट बसत नाही, म्हणून कान झाकणारी पातळ पट्टी बरी. घट्ट बुटात जाड मोजे घातल्यास रक्ताभिसरण अडून पाय उलट अधिक गारठतात.

साताऱ्याजवळच्या माहुलीकडच्या सपाट रस्त्यावर हे गणित बदलते: तिथे वारा सतत लागतो, त्यामुळे विंडचीटर अंगावरच ठेवावा, आणि नदीकाठी धुके असल्यास तो भडक रंगाचा असावा.