नायसिनामाइड वापरताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची नाकाच्या दोन्ही कडांना लाल चट्टे घेऊन इंदुरातल्या रामबागेतल्या आमच्या घरी आली. पर्समधून तिने १० टक्के नायसिनामाइडच्या (जीवनसत्त्व बी३ चे एक रूप) सीरमची ड्रॉपरची बाटली काढली आणि विचारले, "मावशी, मैत्रिणींना हेच चालतं, मग माझाच चेहरा का चुरचुरतो?" मी रसायनशास्त्र शिकवते, त्वचेची डॉक्टर नाही; पण चौकशी केल्यावर कळले की सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश, रात्रीचे रेटिनॉल आणि हे सीरम दोन्ही वेळा, असे सगळे तिने एकाच आठवड्यात सुरू केले होते. अशा वेळी नेमके काय बाधले हे कोणालाच सांगता येत नाही.

पण मुख्य चूक बाटली निवडतानाच झाली होती. ज्या संशोधनाच्या आधारे नायसिनामाइडचे नाव झाले, त्यातील प्रमाण २ ते ५ टक्के आहे. १९९५ साली मुरुमांवर ४ टक्क्यांची जेल १ टक्का क्लिंडामायसिनशी ताडून पाहिली गेली आणि ८ आठवड्यांनी ती त्या प्रतिजैविकाच्या तोडीची ठरली. चेहऱ्याच्या तेलकटपणावरील २००६ च्या अभ्यासात प्रमाण केवळ २ टक्के होते, तर डाग आणि बारीक सुरकुत्यांवरील २००५ च्या अभ्यासात ५ टक्के, तेही १२ आठवडे. १० टक्क्यांनी दुप्पट गुण येतो असे यांपैकी कोणीही दाखवलेले नाही; चुरचुर मात्र वाढू शकते. भाव तोच असेल तर मोठा आकडा असलेली बाटली उचलण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही.

चेहरा लाल झालाच तर सगळे थांबवून दोन आठवडे फक्त सौम्य फेसवॉश आणि साधे मॉइश्चरायझर वापरावे. त्यानंतर ५ टक्के किंवा त्याहून कमी प्रमाणाचे सीरम आधी जबड्याखाली लावून पाहावे, मग एक दिवसाआड चेहऱ्यावर लावावे आणि दुसरी कोणतीही नवी वस्तू महिनाभर आणू नये. एवढे करूनही आग होत राहिली, तर घरातल्या जुन्या ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. 'गोरेपणाची क्रीम' म्हणून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमात पुष्कळदा हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन या औषधांसोबत मोमेटासोनसारखे स्टेरॉइड असते. ते महिनोन्‌महिने लावून बंद केले की चेहरा भडकतो आणि दोष बिचाऱ्या नव्या सीरमवर येतो. तो प्रश्न त्वचारोगतज्ज्ञाकडेच सोडवावा लागतो.

दुसरी चूक घाईची. नायसिनामाइड रंगद्रव्य पुसत नाही. मेलॅनिनच्या, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्याच्या, पिशव्या रंगपेशींकडून वरच्या थरातील पेशींकडे पोहोचवल्या जातात, ती वाहतूक ते मंदावते, हे २००२ च्या प्रयोगांत दिसले. त्यामुळे आधीच वर पोहोचलेला रंग त्वचेची कात हळूहळू पडेल तसाच जातो, आणि परिणाम कायमचा नसल्याने वापर थांबला की वाहतूक पूर्ववत होते. पंधरा दिवसांत बाटली बाजूला टाकणाऱ्याला गुण दिसणार तरी कसा? एप्रिलच्या दुपारी पलासियाहून राजवाड्यापर्यंत स्कूटीवर ओढणी गुंडाळून, पण सनस्क्रीन न लावता जाणाऱ्यांनी सीरमकडून फारशी आशा ठेवू नये. उन्हाने रंगनिर्मिती वाढतच राहते.

व्हिटॅमिन सी सोबत लावू नये, ही भीती मात्र बव्हंशी अनाठायी आहे. तीव्र आम्लात आणि उष्णतेत नायसिनामाइडचे विघटन होऊन निकोटिनिक ॲसिड बनते व त्याने त्वचा लाल होऊ शकते हे खरे. पण चेहऱ्यावर काही मिनिटांत तेवढे घडत नाही. दोन्ही एकाच बाटलीत मिसळून खिडकीत ठेवू नयेत, इतकेच. आणि लावल्यावर पांढरे कण सुटत असतील, तर ती ॲलर्जी नव्हे. थर सुकण्याआधी पुढचा लावला गेला आहे.

गोळ्यांबाबत सर्वांत जास्त सावध राहायला हवे. नायसिन आणि नायसिनामाइड ही दोन्ही जीवनसत्त्व बी३ ची रूपे असली, तरी अंग तापून लाल होते आणि कोलेस्टेरॉलवर परिणाम होतो तो नायसिनने. २०१५ च्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत, त्वचेचा मेलॅनोमाव्यतिरिक्तचा (मेलॅनोमा म्हणजे रंगपेशींचा कर्करोग) कर्करोग आधी झालेल्या ३८६ जणांना नायसिनामाइडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिवसातून दोनदा वर्षभर दिल्या. औषध घेणाऱ्यांत नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी झाले आणि गोळ्या थांबताच तो लाभही थांबला. २०२३ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत तसा लाभ आढळला नाही. काळवंडलेपणा घालवण्यासाठी या गोळ्या मनाने घेण्याला यांतून कोणताच आधार मिळत नाही. त्यात २०२४ च्या एका अभ्यासाने अतिरिक्त बी३ च्या विघटनातून उरणाऱ्या घटकांचा हृदयविकाराच्या जोखमीशी संबंध दाखवला. कारण-परिणाम त्याने सिद्ध होत नाही, पण मूठभर गोळ्या गिळण्याआधी थबकावे, एवढे वजन त्यात आहे.

मुळात इंदुरात सर्वसाधारण जेवण जेवणाऱ्याला बी३ ची उणीव सहसा नसते. केवळ मक्यावर जगणाऱ्यांना पेलाग्रा हा बी३ च्या अभावाचा आजार होई, कारण मक्यातील नायसिन बांधलेले असते, शरीराला मिळत नाही, आणि त्यात ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांतले अमिनो आम्लही कमी असते. शरीर साधारण ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून १ मिलिग्रॅम नायसिन तयार करते, आणि इंदूरच्या सराफा बाजारात रात्री मिळणारा भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस दुधात शिजतो. दुधातून ते ट्रिप्टोफॅन आपसूकच पोटात जाते.